गहिनीचा बांधलेला हात

१४ जून १९७२

केंद्रात पहिला! शेकडा शहात्तर. हेडमास्तर स्वतः सायकल मारीत निकाल घेऊन दारात आले. मामंजींनी त्यांच्या तोंडात गूळ कोंबला, घरात साखर नव्हती म्हणून. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गहिनीची दृष्ट काढली. सगळी गल्ली ओट्यावर गोळा झाली. 'कारभारीचं धाकलं डाक्टर व्हनार आता,' म्हणत मामंजींची पाठ थोपटायला लागली.

मी चुलीपुढे बसून रडले. बायकांना वाटलं आनंदाने. मेला कसला आनंद! राग आला होता मला. असा राग की परातीतलं पीठ उचलून अंगणात फेकावंसं वाटलं.

कारण माझ्या या धाकट्या दिराला, केंद्रात पहिल्या आलेल्या गहिनीनाथाला, वाचता येत नाही. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हेडमास्तरांना तर आमच्याहून जास्त ठाऊक आहे. आणि आज दिवसभरात एक माणूस त्याबद्दल चकार शब्द बोललं नाही.

१५ जून

काल रागात लिहिलं. आज नीट लिहिते.

मी लग्न होऊन सोनईहून इथे तिसगावात आले तेव्हा गहिनी पाचवीत होता. वर्गात ठोंब्या म्हणून प्रसिद्ध. पाढे तोंडपाठ, तोंडी हिशेब विचारला की मास्तरांच्या आधी उत्तर. पण पुस्तक उघडून दिलं की घाम फुटायचा. 'वहिनी, ओळ धराया गेलं की अक्षरं जागा सोडत्यात.' घरच्यांना वाटलं डोळे अधू आहेत. नगरच्या डॉक्टरांनी डोळे चांगले म्हणून सांगितलं, तरी मामंजींनी हट्टाने चष्मा करून आणला. चष्म्यातूनही अक्षरं जागा सोडीतच राहिली. मग आत्याबाईंनी मढीच्या देवळात नेऊन गंडा बांधला. मग छड्या. शाळेत छड्या, घरी छड्या.

एकदा मी भाकरी थापत होते आणि तो इतिहासाचं पुस्तक घेऊन समोर येऊन बसला. 'वहिनी, एवढं वाचून दावा की.' मी पिठाच्या हातानं पान धरून वाचलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बसल्या बसल्या त्याने सगळा धडा म्हणून दाखवला. सनावळीसकट! माझा घास हातातच राहिला.

तेव्हापासून मी रोज वाचते. मॅट्रिक पास झाले त्याचा या घरात एवढाच उपयोग. मराठी, भूगोल, विज्ञान, इंग्रजीसुद्धा. माझं इंग्रजी ते काय! पण तो माझ्या उच्चारातून नेमका अर्थ काढतो. भूमितीला मी नुसतं वाक्य वाचायचं, आकृती तो जमिनीवर काडीने काढणार. त्याच्या सगळ्या पुस्तकांना पीठ लागलंय.

आता परीक्षेचं. तोंडी सांगेल पण लिहिणार कसा? हेडमास्तरांनी डोकं लढवलं. हात मोडलेल्या मुलाला लेखनिक मिळतो. म्हणजे तो बोलणार आणि खालच्या वर्गातला मुलगा लिहिणार. झालं! हाडं बसवणाऱ्या सहादेवला बोलावलं, गहिनीच्या चांगल्या धडधाकट उजव्या हाताला लेप लावला, कामट्या बांधल्या, गळ्यात झोळी अडकवली. आठवडाभर पोर त्या झोळीत हात घालून परीक्षेला गेलं. नववीतला मुलगा लिहीत होता. गहिनी बोलत होता.

मार्क त्याचेच आहेत. एकेक मार्क त्याचा. खोटा तेवढा हात.

तेव्हा मी म्हटलं होतं, बोर्डाला खरंच का नाही कळवत? हेडमास्तर हसले. 'काय कळवू बाई? हुशार आहे पण वाचता येत नाही? माझीच बदली करतील येड्यांच्या इस्पितळात.'

१६ जून

ठरलं म्हणे. कोणी ठरवलं? मामंजींनी आणि हेडमास्तरांनी, ओट्यावर बसून, पान खाता खाता. नगरचं मोठं कॉलेज. सायन्स. मग डॉक्टर. ज्याला जायचंय तो गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होता. त्याला हाकसुद्धा मारली नाही कोणी.

मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, 'तिथं वाचून कोण दाखवणार?'

मामंजींनी असं बघितलं जसं काही मी ओट्यावर थुंकले. हेडमास्तर म्हणाले, 'तिथं गेला की जमेल आपोआप. वातावरण असतं, बाई.'

'पाचवीपासून जमलं नाही ते वातावरणानं जमणार?'

'सूनबाई,' मामंजी म्हणाले, 'घरातली गोष्ट घरात. चहा ठिवा आन् आत जा.'

गेले आत. कप असा आपटला की कान तुटला. आत्याबाई कपाचं बोलल्या, बाकी काही नाही.

हेडमास्तरांना काय, शाळेच्या भिंतीवर नाव रंगवायचंय. मोठ्या कॉलेजात आमच्या शाळेचा मुलगा. पुढे तो तिथे पहिल्या चाचणीला तोंडघशी पडला तर यांचं काय जातंय? यांच्या भिंतीवरचा रंग थोडाच निघणार आहे.

१७ जून

अजून थेंब नाही. विहिरीत कळशी बुडत नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला चालली आहेत आणि आमच्याकडे डॉक्टर, डॉक्टर.

१९ जून

आज नगरला जाऊन आलो. मी, हे आणि गहिनी. मामंजी येणार होते, त्यांना ताप भरला. हेडमास्तरांची चिठ्ठी होतीच बरोबर. यांनी कॉलेजच्या फाटकात पाऊल टाकलं आणि घाबरले. एवढी मोठी दगडी इमारत, विजारीतली पोरं. 'तू बोल, तुला येतं. मी तवर इंजिनाचा वायसर बघून येतो.' वायसर! नवरा म्हणायचा आणि काय. म्हणजे प्राचार्यांपुढे मीच.

प्राचार्य आधी गोड बोलले. गुणपत्रिका बघून चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'दुष्काळी भागातून एवढे मार्क! शाबास.' गहिनी लाजला. मग त्यांनी कॉलेजचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. 'इंग्रजी कसंय बघू. हा पहिला परिच्छेद वाच.'

मी म्हटलं, 'सर, तुम्ही तोंडी विचारा. काहीही विचारा.'

'तुम्हाला नाही विचारलं बाई.'

गहिनीनं कागद धरला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मान लाल झाली, मग कानाच्या पाळ्या. एक शब्द. दुसरा शब्द, तो चुकला. तिसऱ्यापाशी थांबला तो थांबलाच. बाहेर कुठेतरी घंटा झाली तरी तो तिसऱ्या शब्दापाशीच उभा.

'परीक्षेला कोण बसलं होतं?' प्राचार्य म्हणाले. अगदी हळू आवाजात.

'हाच बसला होता.'

'मग हे मार्क कुठनं आले?'

मी सांगितलं. हाताचं सोडून सगळं. ऐकलेलं डोक्यात राहतं, वाचायला घेतलेलं राहत नाही, डोळे चांगले आहेत, डोकं तर तुमच्या-माझ्याहून चांगलं आहे. ते पेन्सिलने टेबलावर टकटक करत होते. 'तुम्ही कोण याच्या?' 'वहिनी.' 'घरात पुरुष माणूस नाही का?' मग म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन या. तोपर्यंत प्रवेश देता येणार नाही. आणि खरं सांगू? या मुलाने सर्वांना फसवलंय, तुम्हालासुद्धा.'

तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं चुलीपुढे बसून वाचलं मी, आणि हा माणूस मला सांगतोय की मी फसले. मी म्हटलं, 'एक गणित घाला ना त्याला. एक! तोंडी!' त्यांनी शिपायाला हाक मारली.

बाहेर आल्यावर गहिनी झाडाखाली बसला. 'वहिनी, खडीवर जातो म्या. मुकादम हजेरीला मॅट्रिक पोरं मागतोय.' मग स्वतःच म्हणाला, 'तिथंबी नावं लिवायचीच असत्याल, न्हाई का.' मला त्याचा इतका राग आला की त्याला धरून हलवावंसं वाटलं. त्याचा नव्हता तो राग. पण तोच जवळ होता.

थांबवतच नव्हतं तिथे. रस्ता ओलांडून पुढे दुसरं कॉलेज आहे, लहान, कौलारू. सायन्स नाही, नुसतं आर्ट्स. मी गहिनीला घेऊन पाणी मागायला म्हणून आत शिरले. तर व्हरांड्यात एक गृहस्थ बसलेले, काळा चष्मा, आणि एक मुलगा त्यांना जाड पुस्तक वाचून दाखवतोय. ते मधेच त्याला थांबवायचे, 'मागचं वाक्य पुन्हा,' तो पुन्हा वाचायचा. मी पाणी विसरून उभी राहिले.

ते इतिहासाचे साळवे सर. दोन्ही डोळ्यांनी आंधळे. आणि प्राध्यापक!

मी सगळं बोलून टाकलं. थांबेचना. हाताचंसुद्धा सांगितलं, त्यांना डोळे नव्हते म्हणून की काय, लाज वाटली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि गहिनीला विचारलं, 'ऐकून पाठ होतं का ऐकून समजतं?'

'समजतं. पाठ मागनं होतं.'

'आवडतं काय?'

'गनित.'

'आर्ट्सलाही गणित घेता येतं. बी.ए. गणित.' मग त्यांनी त्याला काहीतरी गणित घातलं, दोन आगगाड्या का काय, आणि गहिनीनं उत्तर दिल्यावर वाचणाऱ्या मुलाला म्हणाले, 'वहीवर करून बघ रे.' मुलाला पानभर लागलं. उत्तर तेच.

सर म्हणाले, 'मला वाचून दाखवतात तशी याला दाखवणारी मुलं मी शोधून देतो. याने त्यांना गणित शिकवावं. परीक्षेचं मी विद्यापीठाला लिहितो, खरं काय ते. मिळेलच असं नाही सांगत. पण हात बांधायचा नाही. बांधलेला हात घेऊन आला तर मी वर्गात घेणार नाही.' तीस तारखेला प्रवेश बंद होतात आणि अर्जावर वडिलांची सही लागते म्हणाले.

एस.टी.त गहिनी खिडकीशी बसून पारेवाडीपर्यंत मैलाचे दगड मोजत होता. मग म्हणाला, 'त्यांनी माझी कीव न्हाई केली.'

२० जून

अपेक्षा होती तसंच झालं.

'आर्टं?' मामंजी म्हणाले. 'आर्टं म्हंजी पोरींचं. शहात्तर टक्क्याचं पोरगं आर्टाला घालू? आन् आंधळ्या मास्तराच्या हाताखाली?'

'आंधळा आहे म्हणूनच समजलं त्याला.'

'म्हंजी माझं पोरगं आंधळं हाय व्हय?'

'नाही. म्हणूनच कुणाला पटत नाही.'

'त्या मास्तराला समदं सांगून आलीस तू? हाताचंबी?' अंगात ताप होता तरी उठून उभे राहिले. भिंतीला धरून. मला वाटलं मारतात आता. 'परक्या मानसाला सांगितलंस? माझ्या पोराला वाचता येत न्हाई म्हनून?'

आत्याबाई मधे पडल्या. 'गोरक्षा, तुज्या बायकूला आत ने.' यांनी मला आत नेलं. आत येऊन म्हणतात, 'तुझं बरोबर हाय.' इथे म्हणतात! दाराच्या आत! बाहेर म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?

मला चीड कशाची येते, तर मामंजींनी जन्मात पुस्तक हातात धरलं नाही. तलाठी आला की अंगठा. पत्र आलं की 'सूनबाई, काय म्हनतोय बघ.' ज्या माणसाला अक्षराची ओळख नाही तो ठरवणार गहिनी कुठे शिकणार! ते दुःख काय असतं यांना काय कळणार? यांनी कधी पुस्तकापुढे घाम गाळलाय?

२१ जून

हेडमास्तर आले होते. तोड निघाली म्हणे. मोठ्या कॉलेजच्या प्राचार्यांना ते स्वतः भेटणार. मुलाचे त्या दिवशी डोळे आले होते, म्हणून वाचता आलं नाही! आणि परीक्षेचं काय? 'हात बांधायचा.' प्रत्येक वेळी? 'आपण बघू. एकदा पडला, एकदा बैलानं ढकललं.' आणि मामंजी मान डोलावताहेत.

मला हसू आलं. खरंच आलं. मग ते थांबेना, मग आत्याबाईंनी पाणी आणून दिलं.

२२ जून

गहिनीला म्हटलं, तू बोल ना. तुझं तोंड कुठे बांधलंय?

तो म्हणाला, 'दादांपुढं बोलता येत न्हाई वहिनी.' दादा म्हणजे मामंजी. 'ते आईपेक्षा जास्त भेत्यात.'

कशाला भितात? इज्जतीला. दुसरं काय.

आणखी एक लिहून ठेवते, इथे खोटं कशाला. साळवे सरांनी वाचणारी मुलं शोधून देतो म्हटलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं, म्हणजे मी नको आता. भाकऱ्या थापायच्या आणि गप्प बसायचं. त्या मुलांचाही राग आला मला. अजून बघितलीसुद्धा नाहीत.

२४ जून

उद्या मारुतीच्या देवळापुढे सत्कार. फेटा, हार, नारळ, आणि हेडमास्तरांनी मानपत्र लिहिलंय. आज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचून दाखवलं. मामंजींच्या डोळ्यांत पाणी. मी भाजी चिरत होते, बोट कापून घेतलं.

२५ जून, रविवार

सगळं सांगते. ओळीनं सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

सत्काराचे प्रमुख पाहुणे आले जीपमधून, तासभर उशिरा. कर्ण्यावर गाणी. आम्ही बायका देवळाच्या मागच्या अंगाला. गहिनीला गुलाबी फेटा बांधला होता आणि हेडमास्तरांनी त्याच्या डोळ्यांत कसलीतरी भुकटी घालून ते लाल करून ठेवले होते, डोळे आले होते याला गाव साक्षी राहावं म्हणून! पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं भरून आलं.

हेडमास्तर मानपत्र वाचायला उठले. तेवढ्यात पाहुण्यांना हुक्की आली. 'अहो, तुम्ही कशाला? एवढा हुशार मुलगा. त्यालाच वाचू द्या. गावाला त्याचा आवाज ऐकू द्या!' टाळ्या. हेडमास्तर म्हणाले, 'डोळे आलेत त्याचे.' पाहुणे म्हणाले, 'मग दोन ओळी.' पुन्हा टाळ्या. चौकट करून काच घातलेलं ते मानपत्र गहिनीच्या हातात दिलं.

मला मामंजी दिसत होते. पुढच्या सतरंजीवर. पांढरे पडले होते.

गहिनी उभा राहिला. त्याने काचेकडे बघितलंसुद्धा नाही. माईकपुढे म्हणाला, 'मला वाचता येत न्हाई.'

लोक हसले. विनय वाटला त्यांना. कोणीतरी ओरडलं, 'मॅट्रिकला पहिला आन् म्हनं वाचता येत न्हाई!'

'खरंच येत न्हाई,' तो म्हणाला. 'पर काल सरांनी आमच्या ओट्यावर ह्ये वाचलं ते म्या ऐकलंय.' आणि त्याने सुरुवात केली. चौकट उलटी करून छातीशी धरली, पाठीमागची बाजू लोकांकडे, आणि पहिल्या शब्दापासून सगळं मानपत्र म्हणायला लागला. ते भरजरी मराठी, 'सुविद्य', 'ज्ञानपिपासू', 'तिसगावच्या मातीचं भूषण', एकही शब्द न अडखळता. सभा अशी गप्प झाली की कर्ण्याची खरखर ऐकू यायला लागली. एका ठिकाणी आला. 'ग्रंथवाचनाची ज्यास लहानपणापासून अवीट गोडी'. तिथे थांबला.

'ह्ये खोटं हाय,' तो म्हणाला. 'मला वहिनींनी वाचून दावलं. साऱ्या सालांत त्यांनीच दावलं. मला अक्षरं धरता येत न्हाईत. ऐकल्यालं समदं येतं.' मग राहिलेलं म्हटलं, अगदी शेवटच्या 'आपले नम्र ग्रामस्थ'पर्यंत, आणि चौकट खुर्चीवर ठेवून खाली उतरला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी ओरडलंही नाही. पाहुणे हेडमास्तरांकडे बघत होते. मामंजी उठले, वहाणा पायात न घालता तसेच चालत घरी गेले.

हाताचं बोलला नाही तो. शहाणं पोर. पण लोक काय दूधखुळे आहेत?

२६ जून

नाहीत. पाण्याच्या टँकरपाशी हंडे लावून बायका तेच. 'मार्चात हात मोडला आन् एप्रिलात इहिरीवर मोट चालवीत हुता की गं.' दगडाबाईंनी माझ्यासमोर विचारलं, 'व्हय गं, हाड एवढ्या लवकर सांदतं?' मी म्हटलं सहादेवला विचारा. हंडा अर्धाच भरून आले.

मामंजींना जेवायला ताट नेलं तर भिंतीकडे तोंड. मुलाकडे बघत नाहीत, माझ्याकडे तर नाहीच. आत्याबाई म्हणतात, 'तू वाचलंस म्हनून ह्ये झालं.' घ्या! मी वाचलं म्हणून तो पहिला आला, ते नाही.

२७ जून

हेडमास्तर मागच्या दाराने आले. मागच्या! पंधरा दिवसांपूर्वी सायकलची घंटी वाजवीत पुढून आले होते. 'कोणी चौकशीला आलं तर हात मोडला होता असंच सांगायचं. नाहीतर त्याचा निकाल रद्द होईल.'

'आणि तुमची नोकरी जाईल.'

'बाई, मी त्याच्यासाठीच केलं हो.' रडवेले झाले होते. आणि दाताखाली खडा यावा तसं लागलं मला, कारण ते खरं होतं. थोडं खरं होतं. दुसऱ्या कुठल्या मास्तराने त्याला परीक्षेला बसवलंच नसतं. तरी मी त्यांना पाणी विचारलं नाही.

मोठ्या कॉलेजचं काय, तर त्यांनी ते नाव काढलंच नाही.

२८ जून

गहिनी खडीवर गेला. आज पहिला दिवस. हजेरीवर नाही, फोडायला. हातांना फोड घेऊन आला. त्याच उजव्या हाताला.

मी यांना म्हटलं, तुम्ही मोठे भाऊ ना? परवा शेवटचा दिवस. बापाने समोर येऊन सही-अंगठा केल्याशिवाय प्रवेश नाही, हे साळवे सरांनी स्पष्ट सांगितलंय. जा आणि बोला. हे गेले. ओट्याच्या पायरीपर्यंत गेले, बैलाची वेसण सैल झालीय का बघून आले.

मग मी स्वतः गेले. पदर डोक्यावर घेतला आणि मामंजींपुढे उभी राहिले. म्हटलं, 'तुम्हाला लाज वाटते ना त्याची? मला तुमची वाटते. तुमच्या पोरानं सगळ्या गावापुढे खरं सांगितलं आणि तुम्ही तोंड लपवून बसलात. परवा नगरला आला नाहीत तर तो जन्मभर खडी फोडील, आणि ते पाप हेडमास्तरांचं नाही, तुमचं.'

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. कोणत्या सुनेनं असं बोलावं? मामंजींचे नुसते ओठ हलले.

आता मला माहेरी धाडतील. धाडू देत.

२९ जून

पत्र्याची पेटी काढून लुगडी भरून ठेवली.

३० जून

सकाळी गोठ्यात शेण भरत होते. मामंजी आले. मी वाट सोडून बाजूला झाले तर म्हणाले, 'थांब पोरी.'

बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता बोलले. 'म्याबी साळंत गेल्तो. तिसरीपत्तुर. ती अक्षरं मलाबी कधी धरता आली न्हाईत. गनित समदं यायचं. मास्तरनं समद्या पोरांम्होरं गळ्यात दावं घातलं, बैल म्हनून खुट्याला बांधलं. दुपारभर. मंग म्या घरला आलो आन् पुन्ना गेलो न्हाई. लोकास्नी सांगितलं, बापानं साळंत घातलंच न्हाई म्हनून. तुझ्या सासूलाबी ठावं न्हाई.'

माझ्या हातातली पाटी खाली गेली.

'मला वाटायचं जगात म्या एकलाच तसला. मंग ह्यो निघाला. म्हनून म्हनत हुतो, हात बांधा, डोळं बांधा, काय बी करा, पर कुनाला कळू दिऊ नका.'

धुतलेलं धोतर नेसले होते. फेटा बांधला होता.

'गहिनीला उठीव. त्या आंधळ्या मास्तरांकडं जायचंय ना? म्या येतो. मला त्यास्नी एक इचारायचंय. ह्याला बैल न्हाई म्हनायचं, तर मंग काय म्हनत्यात?'